कूपर स्ट्रीटवरची तिसरी खोली

दुपारचं जेवण झालं की बर्नाडीन पेलोव्स्की सोफ्यावर आडवी व्हायची, पायांवर लोकरी शाल ओढायची आणि लोकांच्या घरांमधून हिंडायला निघायची. त्याला झोप म्हणता आलं नसतं. रेडिओवर नदीच्या पातळीचा आकडा सांगतायत हे तिला ऐकू यायचं, मागच्या रुळांवरून मालगाडी गेली की कपाटातल्या बश्या किणकिणल्या तेही कळायचं. पण त्याच वेळी कुठल्या तरी घराचं मागचं दार उघडायचं आणि ती आत शिरायची. आधी तळघरात. भिंतीला तळहात लावून ओल बघायची, मग जिना चढून वर. कधी एका घराच्या तळघरातून वर आली की भलत्याच घराच्या स्वयंपाकघरात निघायची, आणि त्याचं तिला नवल वाटायचं नाही. नवरा होता तेव्हा तो तिला उठवताना हटकून विचारायचा, "काय बर्नी, आज कुणाकडे जाऊन आलीस? चहापाणी तरी दिलं का त्यांनी?"

तिचा धंदाच तसा होता. मिसिसिपीच्या काठावरच्या हार्लो लँडिंग गावात चौतीस वर्षं ती घरांची किंमत ठरवत आली होती. घर विकायचं ठरलं, घेणाऱ्याने बँकेकडे कर्ज मागितलं, की बँक बर्नाडीनला पाठवायची. ती टेप घेऊन यायची, घर बाहेरून मोजायची, आतून फिरायची, फोटो काढायची, आणि आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तीन-चार घरांशी ताडून कागदावर एक आकडा लिहायची. टेपच्या जागी पुढे लेझरचं यंत्र आलं, पण जुना टेप तिने गाडीत ठेवलाच. हिशेब करायला बसली असती तर सहा हजारांच्या आसपास घरं भरली असती. त्यातली बरीचशी तिच्या डोक्यात जशीच्या तशी उभी होती, अगदी कुठल्या पायरीला चीर होती ते धरून.

अलीकडे मात्र दारात पाऊल टाकायच्या आत लोक फोन पुढे करायचे. "हे बघा, इथे आलंय आमच्या घराचं. तुम्ही कशाला तसदी घेताय?" घरांची किंमत घरबसल्या सांगणारी ती साइट आता सगळ्यांच्याच बोटांखाली होती. पत्ता टाकला की आकडा. शेजाऱ्याचा पत्ता टाकला की शेजाऱ्याचा आकडा. मेहुण्याचा, जुन्या मैत्रिणीचा, चर्चमधल्या पाद्रीबाबांचासुद्धा. बँकाही काही कर्जांना आता माणूस पाठवत नव्हत्या, यंत्राच्या आकड्यावरच भागवत होत्या. बर्नाडीनकडे आठवड्याला पाच घरं यायची ती दोनावर आली, मग एकावर.

तिने यंत्राला कधी शिव्या घातल्या नाहीत. एका हिवाळ्यात, काम नव्हतं म्हणून, तिने गावातली चाळीस विकलेली घरं घेतली आणि साइटने आधी काय सांगितलं होतं, शेवटी किती आले, ते वहीत समोरासमोर लिहून काढलं. टेकडीवरच्या नव्या वसाहतीत, जिथे सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी होती, तिथे यंत्र दोन-तीन टक्क्यांच्या वर चुकलं नव्हतं. बर्नाडीनने प्रामाणिकपणे वहीत लिहिलं : माझ्याहून बरं. पण खाली पूर्वेकडे, रूळ आणि नदी यांच्या मध्ये, जिथे तिचे आजे-पणजे लाकडाच्या गिरण्यांत राबायला पोलंडच्या समुद्रकाठाहून येऊन राहिले होते, तिथे यंत्र पार चकायचं. तिथली घरं घरांसारखी नव्हतीच. कुणी अर्धं घर विकलेलं, कुणी दोन घरं जोडून एक केलेलं, कुणी गोठलेल्या नदीवरून आख्खं घर ओंडक्यांवर घरंगळत आणलेलं. यंत्राला वाटायचं एका रस्त्यावरची घरं म्हणजे सख्खी भावंडं. ती चुलत होती, सावत्र होती, काही तर दत्तक आलेली.

आणि ती स्वतः चुकली नव्हती असंही नाही. एका घराला तिने एक लाख चाळीस हजार लावले होते, ते गेलं एक लाख एकाहत्तर हजाराला, कारण दोघा भावांना तेच हवं होतं आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. असलं काही तळघरात उतरून कळत नाही.

नोव्हेंबरात, राजहंस उत्तरेकडून येऊन नदीच्या फाट्यांवर उतरले होते तेव्हा, बँकेतल्या डॅरिलचा फोन आला. "कूपर स्ट्रीट. ॲम्ब्रोज लिटर्स्कीचं घर. घेणारी आहे टेसा हॉग्लंड, दवाखान्यात नर्स आहे. सौदा ठरलाय दोन लाख अडतीस हजारांचा."

"कुणी ठरवला?"

"साइटने," डॅरिल हसला. "म्हातारा त्याच्या वर मागत नाही आणि खालीही येत नाही. पोरीलाही पटलं. जाऊन बघून ये."

ती गेली त्या सकाळी नदीवरून धुकं इतकं चढलं होतं की कूपर स्ट्रीटवरची घरं एकेक करून, जवळ गेल्यावरच, असल्यासारखी वाटत होती. लिटर्स्कीचं घर पिवळं, एका मजल्याचं, वर बुटका माळा. पुढच्या खिडक्यांपाशी बर्नाडीन थबकली. वरच्या झडपेत एकाच्या जागी पाच उभी अरुंद तावदानं, मधल्या पट्ट्या बोटाएवढ्या बारीक. गावात दारं-खिडक्यांचा कारखाना होता तेव्हाही असं काम दुकानात मिळत नव्हतं.

"बापाने केल्यात त्या," दार उघडून ॲम्ब्रोज म्हणाला. चौऱ्याऐंशीचा, उंच, खांद्यात वाकलेला, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. "कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या करायचा, संध्याकाळी आपल्या. तू लिओ पेलोव्स्कीची सून ना? लिओ माझ्याबरोबर बेसबॉल खेळायचा. एक चेंडू पकडला नाही गाढवाने जन्मात."

"ते सांगायचे की चेंडू तुम्ही वाकडे टाकायचात, मिस्टर लिटर्स्की."

"असं म्हणायचा? ये आत. कॉफी ठेवलीय. पाय पूस."

तळघर तिला फार आवडलं. भिंती हाडासारख्या कोरड्या. पुराच्या गावात, रुळांच्या खालच्या बाजूला, असं तळघर विरळाच. ॲम्ब्रोजने तीस वर्षांपूर्वी घराभोवती स्वतः चर खणून पाणी बाहेर काढून दिलं होतं. वर मेपलच्या लाकडाची जमीन, एक पट्टी वाजत नव्हती. स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर. झोपायची एक खोली. दुसरी. बर्नाडीनने कागद उलटून पाहिला. साइटवर, आणि तिथून उचलून सौद्याच्या कागदावरही, तीन खोल्या लिहिल्या होत्या.

"तिसरी कुठली, मिस्टर लिटर्स्की? माळा धरलात का?"

"माळा कशाला? तिथे उभं कोण राहणार, मांजर? तिसरी मागे." तो तिला स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. भिंतीला कॅलेंडर होतं, त्याच्या खाली बटाट्यांची टोपली. "ही इथे."

बर्नाडीन भिंतीकडे बघत राहिली.

"म्हणजे होती इथे," तो म्हणाला. "आम्ही चौघे भाऊ झोपायचो. स्टॅनली, रेमंड, लुई आणि मी. बावन्न साली पूर आला तेव्हा मला मावशीकडे डोंगरात धाडलं होतं, शेतावर. अकरा वर्षांचा होतो. तीन आठवड्यांनी आलो तर खोली नाही. बाप म्हणाला, नदीने नेली. इथे फळ्या मारून टाकलेल्या."

"मग साइटवर तीन कशा आल्या?"

"ईस्टरला नात आली होती. तिने फोनवर दाखवलं, आजोबा, दोन खोल्या लिहिल्यात, बरोबर ना? मी म्हटलं, चूक. तीन. मालकाला दुरुस्त करता येतं म्हणे. तिने केलं." तो जरा अभिमानाने हसला. "आकडा एकतीस हजारांनी वर गेला. नुसतं खरं सांगितल्यावर!"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. बर्नाडीनने कॉफी घेतली, खसखशीच्या रोलचा तुकडा खाल्ला, बाहेर जाऊन मागची भिंत मोजली. फळ्यांच्या रंगात दाराएवढा एक चौकोन अजून वेगळा दिसत होता. धुक्यातून राजहंसांचा आवाज येत होता, लांबच्या अंगणात बायका बोलत असाव्यात तसा.

निघताना त्याने विचारलं, "मग? बरोबर आहे ना आकडा?"

"ते मला बोलायची मुभा नाही. बँक कळवेल."

"यंत्र तर लगेच सांगतं," तो म्हणाला. "आणि खसखशीचा रोलही मागत नाही."

तिने दोन रात्री घेतल्या. शेजारपाजारची विकलेली चार घरं ताडली. खोल्या दोन धरल्या, कारण दोनच होत्या. कोरड्या तळघराचे वाढवले, जमिनीचे आणि खिडक्यांचे वाढवले, आणि लिहिलं : दोन लाख एकोणीस हजार. बँक तेवढ्यावरच कर्ज देणार होती. वरचे एकोणीस हजार टेसाला पदरचे घालावे लागणार होते, आणि तिच्याकडे ते नव्हते.

बँकेने आकडा कळवला त्याच सकाळी ॲम्ब्रोजचा फोन आला. त्याने नमस्कारही केला नाही.

"लिओची सून आहेस म्हणून बोललो नाही त्या दिवशी. तू पाऊण तास घरात होतीस. यंत्राला आख्ख्या देशातली घरं ठाऊक आहेत. तुला कुणी सांगितलं कमी लिहायला?"

"कुणी नाही."

"यंत्राला खोटं बोलून काय मिळणार आहे?"

"काही नाही. ते खोटं बोललंच नाही," बर्नाडीन म्हणाली. "त्याला तुम्ही जे सांगितलं ते त्याने धरलं. ते कधी तुमच्या स्वयंपाकघरात आलेलं नाही, मिस्टर लिटर्स्की. मी आलेय. तिथे बटाटे आहेत."

मग तो म्हणाला, "मी त्या खोलीत झोपलोय," आणि फोन ठेवला.

तिला वाईट वाटत राहिलं. एरवी लोक चिडायचे ते पैशावरून, आणि ते तिला झेपायचं. त्या दुपारी ती सोफ्यावर पडली तेव्हा बाहेर पुन्हा धुकं उतरत होतं आणि खिडकी दुधाने भरल्यासारखी दिसत होती. कुणाचं तरी मागचं दार उघडलं. तळघर, जिना, स्वयंपाकघर. हे घर तिच्या ओळखीचं होतं, पण कुणाचं ते आठवेना. पुढे एक लांबट ओसरी, तिच्या टोकाला पायरीएवढा उंचवटा. वर चढलं की खोली. बाकीचं घर विटांचं आणि ही खोली लाकडाची. आत एक मोठा हातमाग, त्यावर अर्धी विणलेली निळी सतरंजी. खिडकीतून तळं दिसत होतं. खिडकीच्या वरच्या झडपेत पाच तावदानं. कपाटाच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या रेघा मारलेल्या, आणि रेघांपुढे अक्षरं. एस. आर. एल. आणि सगळ्यात खाली, गुडघ्याच्या जरा वर, ए.

बर्नाडीन उठून बसली. कपाटात बश्या किणकिणत होत्या. गाडी केव्हाच निघून गेली होती.

जुन्या वह्या काढायला तिला अर्धा तास लागला. नऊ वर्षांपूर्वीचं काम. तळ्याकाठचं घर, वडिलांकडून आलेलं, त्यावर कर्ज काढायचं होतं; मालकीण व्हर्ना स्ट्रँड, शाळेत गाणं शिकवायची, एव्हाना निवृत्त. तिच्या नकाशात मागच्या खोलीपाशी बर्नाडीननेच बारीक अक्षरांत लिहिलं होतं : "दुसरीकडून आणलेली?" एका घरातलं दुसऱ्याला सांगायचं नाही हा धंद्याचा नियम. म्हणून तिने आधी व्हर्नाला फोन केला आणि परवानगी मागितली.

"आणा की त्यांना," व्हर्ना म्हणाली. "मला नेहमी वाटायचं त्या अक्षरांची माणसं कुठे असतील. रेघा पुसायचा धीर झाला नाही कधी."

ॲम्ब्रोजला तिने फोनवर काही सांगितलं नाही. "शनिवारी दहाला येते. कोट घालून तयार राहा," एवढंच.

"कुठे नेतेयस? आकडा वाढवायला?"

"नाही. आकडा तोच राहील."

"मग मी कशाला येऊ?"

"लिओने कधी बोलावलं असतं तर आला असतात ना?"

"लिओ बोलावेल आणि पोचायचा नाही," तो कुरकुरला. पण शनिवारी कोट, हॅट, मफलर असा पायरीवर उभा होता.

गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. तळं अजून गोठलं नव्हतं. त्याच्यावरून वाफ निघत होती आणि पलीकडचे डोंगर हवेत लटकलेले होते. व्हर्ना दारातच होती, लहानखुरी, पांढरे केस आखूड कापलेले, अंगात स्वतः विणलेलं जाकीट. तिने हात पुढे केला आणि काही न विचारता ओसरीने त्यांना मागे नेलं. उंचवट्यापाशी येऊन ती बाजूला झाली.

ॲम्ब्रोज पायरी चढला आणि उभा राहिला. मागावर या वेळी लाल धागे होते. तो आधी खिडकीकडे गेला, पट्टीवरून अंगठा फिरवला, जसा कुणी घोड्याच्या नाकावरून फिरवतो. मग कपाटाशी आला. चौकटीवरची अक्षरं वाचायला त्याला चष्मा लागला नाही. त्याने बोटानेच वाचली. शेवटच्या अक्षरासाठी त्याला वाकावं लागलं आणि बर्नाडीनने त्याचा दंड धरला.

"एवढासाच होतो," तो म्हणाला.

मग तो जमिनीकडे बघायला लागला. बराच वेळ. त्याने मागाची बैठक सरकवली, कोपरा बघितला, भिंतीच्या फळ्या खालून वर निरखल्या. बर्नाडीनला कळलं तो काय शोधतोय; नऊ वर्षांपूर्वी तिनेही तेच बघितलं होतं, सवयीने. पुरात गेलेल्या लाकडावर पाण्याची रेघ राहते. कितीही घासा, रंग द्या, ती कुठून तरी वर येतेच. इथे रेघ नव्हती. मेपलच्या पट्ट्या मधासारख्या स्वच्छ होत्या.

"हिला पाणी लागलेलंच नाही," ॲम्ब्रोज म्हणाला.

तो व्हर्नाकडे वळला.

"तुमच्या वडिलांनी कुठून घेतली ही?" त्याने व्हर्नाला विचारलं.

"मला एवढंच माहीत आहे की एका सुताराकडून," ती म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. ओंडक्यांवरून आणली, घोडे लावून, आख्खा दिवस लागला. सुतार बरोबर चालत आला होता. खोली बसवून झाली तेव्हा आईने त्याला जेवायला बोलावलं, तर तो आत आला नाही. पायरीवर बसून राहिला. मला आठवतं, कारण मी त्याला दूध नेऊन दिलं आणि त्याने ते घेतलं नाही. ग्लास हातात धरून बसला."

ॲम्ब्रोज बैठकीवर टेकला. हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

"स्टॅनीची खाट या खिडकीखाली होती," तो हळूहळू म्हणाला. "सगळ्यात मोठा तो. एकावन्न साली कोरियाला गेला. बावन्नच्या मार्चमध्ये तार आली. आई या खोलीच्या दारात उभी राहायची. आत जायची नाही आणि तिथून हलायचीही नाही. आम्हाला तिला ओलांडून झोपायला जावं लागायचं. मग पूर आला आणि मला मावशीकडे पाठवलं."

तळ्यावरून हंसांची एक रांग उठली. त्यांची सावली धाग्यांवरून सरकत गेली.

"बापाने नदीच्या नावावर खपवलं, आणि रेमंड-लुईनेही कधी तोंड उघडलं नाही," ॲम्ब्रोज म्हणाला. "त्र्याहत्तर वर्षं मी नदीला शिव्या घालतोय."

व्हर्नाने कॉफी आणली, धुरी दिलेला मासा आणि राय ब्रेड आणला, आणि सगळे तिथेच, मागाभोवती, जमेल तसे बसून खात राहिले. ॲम्ब्रोजने तिला खिडकीचा, वर सरकवलेली झडप तोलून धरणारा दोर तुटलाय ते दाखवलं. ती म्हणाली, वीस वर्षं तुटलाय, मी काठी लावून उघडी ठेवते. तो म्हणाला, "काठी! बापाच्या खिडकीला काठी!" आणि इतका दुखावला की व्हर्नाला हसू आवरेना.

परतताना, रुळांपाशी गाडी थांबली होती आणि मालगाडीचे डबे संथपणे पुढून जात होते, तेव्हा तो म्हणाला, "खोली तिथे आहे."

"हो."

"म्हणजे माझ्याकडे नाही. एक खोली दोन ठिकाणी कशी मोजायची?"

शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं.

त्याच संध्याकाळी त्याने नातीला फोन करून साइटवर दोन खोल्या लिहायला लावल्या. चार-पाच दिवसांत आकडा उतरून दोन लाख पाच हजारांवर आला. ते कळल्यावर त्याने पुन्हा बर्नाडीनला फोन लावला, आणि या वेळी नमस्कार केला.

"ए पोरी, तुझं यंत्र आता तुझ्याहून चौदा हजार कमी सांगतंय."

"माझं कधीपासून झालं ते?"

"ते जाऊ दे. कमी का सांगतंय?"

"कारण त्याला तुमचं तळघर कुणी दाखवलं नाही. त्याला वाटतं रुळांखालचं घर म्हणजे ओलं. आणि तुमच्या वडिलांच्या खिडक्या ते मोजत नाही, खिडक्या म्हणजे खिडक्या."

"आणि तू लिहिलास तो नक्की बरोबर?"

"नक्की कुणाचाच नसतो, मिस्टर लिटर्स्की. पण मी जे बघितलं त्यावरून लिहिलाय. दोन-चार हजार इकडेतिकडे होतील. एकतीस नाही होणार."

"हं," तो म्हणाला. "तू निदान रोल खाल्लास."

टेसा हॉग्लंडला हे सगळं डॅरिलकडून कळलं तेव्हा तिने सौदा मोडला असता तर कुणी नावं ठेवली नसती. ती दवाखान्यातून थेट, अंगावर नर्सचे कपडे तसेच, कूपर स्ट्रीटवर आली. तिला दोन मुली होत्या; तिने तिसरी खोली म्हणजे माळा असं मनाशी धरलं होतं आणि छप्पर उंच करायला किती लागतील ते विचारून ठेवलं होतं. ॲम्ब्रोजने तिला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं, मार्चमधल्या तारेसकट. मग म्हणाला, "दोन लाख एकोणीसला घेणार असशील तर घे. यंत्राच्या दोन लाख पाचला देणार नाही. त्याला तळघर माहीत नाही."

"मी तळघर बघितलंय," टेसा म्हणाली. "मी घेते."

"आणि त्या भिंतीपलीकडे कधी खोली बांधायची झाली, तर जुन्या दाराची चौकट आत तशीच आहे. तोडावं लागायचं नाही. फक्त फळ्या काढ."

जानेवारीत ती राहायला आली. ॲम्ब्रोज वरच्या गावात, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या सदनिकांमध्ये गेला. मॅडिसनला लेकीकडे जायचं ठरलं होतं, ते त्याने ऐन वेळी रद्द केलं. लेकीला सांगितलं की इथे कामं आहेत. काम एकच होतं. व्हर्नाच्या खिडकीचा दोर. तो त्याने बसवला. मग झडप घासून नीट केली. मग दुसरी खिडकी बघितली, ती बापाची नव्हती आणि त्याच्या मते बघवत नव्हती. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला बंदी केली होती. म्हणून दर गुरुवारी बर्नाडीन त्याला नेऊन सोडायची, आणि तेवढ्यात तळ्याजवळच्या दुकानातून आपला बाजार उरकायची.

त्या हिवाळ्यात तिला सगळी मिळून अकरा कामं आली. मार्चमध्ये तिने डॅरिलला कळवलं की जूनपासून ती काम बंद करतेय. तो म्हणाला, वाईट वाटतं, आणि त्याला खरंच वाईट वाटत असावं. वह्यांचे खोके तिने गावाच्या ग्रंथालयाला देऊ केले. त्यांना नको होते. मग व्हर्ना म्हणाली, "माझ्याकडे ठेव. त्या खोलीत जागा आहे."

ॲम्ब्रोज ते ऐकून खिडकीतून आत डोकावला. बाहेर शिडीवर उभा होता, चौऱ्याऐंशीच्या वयात, हातात पुट्टीचा डबा.

"भाऊ कुठे झोपणार मग?" त्याने विचारलं.

"तुम्ही आधी खाली उतरा," बर्नाडीन ओरडली आणि दोघी शिडी धरायला बाहेर धावल्या.